एका पंखाची भावंडं

भाईंदरच्या इंद्रलोकातल्या गच्चीवर संध्याकाळी उभं राहिलं की उडणाऱ्यांच्या तीन जाती एकदम दिसतात. घार पंख न हलवता मोठमोठ्या फेऱ्या घालत असते. तिच्या खालून पाकोळ्या चिरकत, किडे टिपत, एका इमारतीकडून दुसरीकडे सुसाट जातात. आणि दोघींच्याही वर दिवे लावलेलं एखादं विमान विमानतळाकडे निघालेलं असतं. शेजारच्या फेजमधली धाकटी पोरगी परवा मला विचारत होती, "आजोबा, विमानाचा कारखाना एकच चांगलं विमान का नाही करत? इतक्या जाती कशाला?"

फार चांगला प्रश्न आहे हा. त्याचं उत्तर द्यायचं तर मला आधी घारीकडे जावं लागेल, मग सोलापूरच्या एका माणसाबरोबर अमेरिकेला, तिथून बंगळूरला आणि शेवटी नाशिकजवळच्या ओझरला. तेव्हा पोरांनो, बसा नीट.

घारीच्या पंखात हाडं कोणती असतात ठाऊक आहे? दंडाचं एक, कोपरापुढची दोन, आणि पुढे एकमेकांना जुळून गेलेली बोटं. म्हणजे तुमच्या-माझ्या हातातलीच. पाकोळीच्या पंखातही हीच हाडं. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या पंखातही हीच. निसर्गाने प्रत्येक पक्ष्यासाठी नवा पंख शोधून काढला नाही. जुनाच घेतला आणि मापं बदलली. पाकोळीचा दंड आखूड ठेवला आणि पुढचा हात लांब केला, म्हणून तिचा पंख अरुंद आणि मागे वळलेला दिसतो. तिला वेगाने उडून किडे पकडायचे असतात. घारीला घाई नसते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत तिला तरंगत राहायचं असतं, म्हणून तिचा पंख रुंद आणि टोकाची पिसं सुटी सुटी. काम वेगळं, म्हणून माप वेगळं.

"मग मोठा पक्षी करायचा तर लहान पक्षी सगळीकडून ताणायचा," पोरांतला थोरला म्हणाला. नाही रे बाळा, इथेच खरी गंमत आहे. घारीची लांबी, रुंदी, जाडी सगळं दुप्पट केलंस असं समज. पंखाचं क्षेत्रफळ होईल चौपट, कारण ते दोन दिशांनी वाढतं. वजन मात्र होईल आठपट, कारण ते तीन दिशांनी वाढतं. आठपट ओझं चौपट पंखावर. पंखाच्या प्रत्येक तुकड्यावर आता दुप्पट भार आला. हवेत टिकायचं तर या घारीला पूर्वीपेक्षा सुमारे १.४ पट वेगाने उडावं लागेल, आणि तेवढा वेग गाठायला स्नायू कुठून आणायचे? सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोकाचा नर १५ किलोपर्यंत भरतो, आणि जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. त्याच्याहून फार जड झालेले शहामृगासारखे पक्षी जमिनीवरच राहिले.

विमानाच्या कारखान्यालाही हाच नियम लागू आहे. दोन माणसांचं विमान फुगवून त्याचं वीस माणसांचं करता येत नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने मांडावा लागतो. पण सगळं नव्याने करायचं म्हटलं तर पैसा आणि वर्षं पुरत नाहीत. काय जुनं ठेवायचं आणि काय बदलायचं, हे ज्या कारखान्याला कळतं त्याच्याच विमानांची यादी वाढते. आपल्या देशात हे कसं घडलं ते सांगतो.

वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. १८८२ सालचा जन्म. त्यांनी जहाजं चालवली, साखर कारखाना काढला, आणि १९३९ मध्ये मोटारींचा कारखाना काढायच्या खटपटीत अमेरिकेला गेले. परतीच्या प्रवासात, विमानातच, त्यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानं जुळवण्याचा कारखाना चालवत होते. वालचंद मोटारीचं स्वप्न घेऊन निघाले होते, उतरले ते विमानाचं घेऊन. २३ डिसेंबर १९४० रोजी, मैसूर संस्थानाच्या भागीदारीत, बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. आठ महिन्यांनी, ऑगस्ट १९४१ मध्ये, तिथे जुळवलेलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं. आराखडा अमेरिकन, सुटे भागही बहुतेक तिकडचेच, पण जुळवणारे हात इथले.

दुसरं महायुद्ध आणखी भडकलं आणि सरकारने कारखाना ताब्यात घेतला. तिथे अमेरिकन हवाई दलाची विमानं दुरुस्त होऊ लागली. आता दुरुस्ती म्हणजे कमी दर्जाचं काम, असं समजू नका. नवं विमान जोडताना सगळं आराखड्याप्रमाणे असतं, त्यात प्रश्न पडत नाहीत. मोडलेलं विमान उघडलं की ते कुठे थकलं, कुठला खिळा आधी निसटला, कुठल्या सांध्याला तडा गेला, हे सगळं डोळ्यांपुढे येतं. इतकं शिक्षण कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.

या शिक्षणाची परीक्षा युद्धानंतर झाली, आणि ती गोष्ट मला फार आवडते. कानपूरला लिबरेटर जातीची चार इंजिनांची प्रचंड बॉम्बफेकी विमानं पडून होती. इंग्रजांनी जाताना ती मुद्दाम नासवली होती, म्हणजे कुणी पुन्हा उडवू नयेत. एकाचं पोट फोडलेलं, दुसऱ्याच्या आतल्या यंत्रांची मोडतोड केलेली. पण एकाचं जे फुटलं होतं ते दुसऱ्याचं शाबूत होतं. बंगळूरच्या माणसांनी कानपूरच्या त्या मैदानात एकाचा भाग दुसऱ्याला लावत ती उडण्यापुरती उभी केली, आणि कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली. जरा डोळ्यांपुढे आणा. ज्या विमानाचा सांधा न् सांधा संशयाचा, त्यात बसून उत्तरेतून दक्षिणेत जायचं. बंगळूरला त्यांची नीट दुरुस्ती झाली आणि १९४८ पासून ती आपल्या हवाई दलात दाखल झाली. चाळीसच्या वर लिबरेटर अशी वाचली. स्वतंत्र भारताचा पहिला जड बॉम्बफेकी ताफा भंगारातून उभा राहिला, आणि तो पुढे वीस वर्षं उडला.

पण दुरुस्तीवर किती दिवस पोट भरणार? युद्ध संपलं, कामं आटली. हजारो कामगार हाताशी, आणि त्यांना द्यायला विमानंच नाहीत. तेव्हा कारखान्याने काय केलं असेल?

"बंद केला?"

छे. रेल्वेचे डबे करायला घेतले! आणि बसगाड्यांची वरची बांधणीही. विमानाचं अंग कसं असतं बघा. आत पातळ कड्या, त्यावर पातळ पत्रा, आणि पत्रा कड्यांना हजारो रिवेटांनी जखडलेला. तो पत्रा नुसतं झाकण नसतो. जोर त्याच्यावरही येतो आणि तो सहनही करतो, म्हणून विमान हलकं राहूनही भक्कम असतं. हे ज्याच्या हाताला जमलं त्याला संपूर्ण धातूचा रेल्वेचा डबा करणं अवघड कसं जाईल? त्या काळी डब्यांची बांधणी बऱ्याचदा लाकडी असायची. अपघातात ती फुटायची, पेट घ्यायची. विमानाच्या कारखान्याने देशाला तिसऱ्या वर्गाचे धातूचे डबे दिले, आणि आपले कसबी कारागीरही राखले.

याचा धागा आपल्या दारापर्यंत येतो बरं का. १९६४ मध्ये बीईएमएल ही सरकारी कंपनी निघाली आणि डब्यांचा हा विभाग तिच्याकडे गेला. दहिसरहून गुंदवलीला तुम्ही ज्या मेट्रोने जाता, ते डबे याच बीईएमएलने बंगळूरला बांधले आहेत. तोच मार्ग दहिसरच्या पुढे वाढवून मेट्रो ९ म्हणून आपल्या मीरा-भाईंदरकडे आणला आहे. विमानाच्या पत्र्यावर तयार झालेल्या कसबाचे वारसदार आज मेट्रोचे डबे करतात.

डब्यांच्या कामाने कारखाना तगला. पुढचं पाऊल टाकायला मात्र आराखडा काढणारा माणूस लागतो, आणि तोही मराठी होता. डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्योटिंगन इथे लुडविग प्रांटल या गुरूंच्या हाताखाली ते शिकले. हवा पंखाला अगदी चिकटून वाहते तिथे तिचा एक पातळ, आळसावलेला थर असतो, आणि तो थर पंखावरून सुटला की उचल संपते, ही गोष्ट जगाला प्रांटलनी १९०४ मध्ये समजावून सांगितली. ही विद्या घेऊन घाटगे परत आले आणि १९४० मध्येच बंगळूरच्या कारखान्यात दाखल झाले. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग १९४२ मध्ये सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुखही तेच. युद्धाच्या काळात त्यांनी सैनिक वाहून नेणारं, इंजिन नसलेलं ग्लायडर आखलं. आणि ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ उडालं. दोन आसनांचं, संपूर्ण धातूचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान. उडवणारे तेच जमशेद मुन्शी, ज्यांनी लिबरेटर आणली होती. हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर उडायला शिकल्या. घानाच्या हवाई दलालाही ती विमानं गेली.

पहिलं विमान शिकाऊच का, हे विचारा. कारण ते सावकाश उडतं. पंखावर भार कमी, इंजिन लहान, चुका पोटात घालणारं. शिकाऊ वैमानिकाला जसं ते सोसून घेतं, तसं शिकाऊ कारखान्यालाही सोसून घेतं.

मग १९५८ मध्ये पुष्पक आलं. ९० अश्वशक्तीचं इंजिन, पंख वैमानिकाच्या डोक्यावर, दोन आसनं. फ्लाइंग क्लबमधल्या मुलांना स्वस्तात उडायला शिकवणं एवढंच त्याचं काम. दीडशेच्या आसपास बनली. आणि त्यानंतर कारखान्याने जे केलं त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कारखान्याने विचार केला की क्लबांना मोठं, चार माणसांचंही विमान लागेल. पंख पुष्पकचाच घ्यायचा, त्याखाली नवं, मोठं अंग बसवायचं आणि इंजिन दांडगं लावायचं. १९५९ मध्ये असं विमान उडालंसुद्धा. नाव कृषक. पंख जुना, म्हणजे तो हवेत कसा वागतो, कुठल्या कोनाला उचल सोडतो, कुठे वाकतो, हे सगळं आधीच माहीत. पंखाचं गणित हे विमानातलं सर्वांत महागडं गणित, आणि ते फुकट मिळालं.

पण पंख तोच ठेवून पोट मोठं करताना एक सांभाळावं लागतं. तुमच्यापैकी ज्यांचं गाव आहे त्यांनी बैलगाडी भरताना पाहिली असेल. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलार होते, जू वर उचलतं आणि बैल हवालदिल होतात. पुढे जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर. जाणता गाडीवान धान्याचं प्रत्येक पोतं आसाचा अंदाज घेऊन ठेवतो. विमानाचा आस म्हणजे पंख. उलार झालेलं विमान नाक वर करतं, वेग गमावतं, आणि मग पंखावरचा तो आळसावलेला थर सुटतो. म्हणून अंग लांबवायचं तर पंखाच्या पुढेही लांबवायचं आणि मागेही, हिशेबाने.

तुमच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानांत एअरबसची ए-३२० खूप असतात. तिचं पहिलं उड्डाण १९८७ चं. पुढे जास्त प्रवासी बसवायचे होते, तेव्हा त्यांनी तिला कापून जवळजवळ सात मीटर लांब केलं आणि ए-३२१ केली. नवा तुकडा एकच घातला नाही. एक पंखाच्या पुढे, एक पंखाच्या मागे. पुढचा मोठा, मागचा लहान. पंख ठेवला, पण त्याच्या मागच्या कडेच्या झडपा, ज्यांना वैमानिक फ्लॅप म्हणतात, त्या बदलल्या, म्हणजे वाढलेल्या वजनानिशी उतरताना पुरेशी उचल मिळावी. मग त्यांनी तीच ए-३२० आखूड करून ए-३१९ केली आणि आणखी आखूड करून ए-३१८. चारही विमानांत वैमानिकाची खोली एकसारखी. एकावर शिकलेला वैमानिक थोडक्या तयारीने दुसऱ्यावर बसू शकतो. कंपन्या ही विमानं घेतात त्याचं हे मोठं कारण आहे.

आपल्या कृषकचं काय झालं? क्लबांनी ते घेतलं नाही. काम थांबलं. काही वर्षांनी लष्कराला सीमेवर तोफांचा मारा कुठे पडतो हे वरून बघायला एक सावकाश उडणारं, आखूड धावपट्टीवरून उठणारं विमान हवं होतं. तेव्हा कपाटातला आराखडा बाहेर आला. नाव शेतकऱ्याचं, काम तोफखान्याचं. सत्तरच्या आसपास कृषक बनली आणि लष्करात उडली. न खपलेला आराखडाही कारखान्याची पुंजी असतो, फक्त तो काढणारी माणसं तोवर टिकली पाहिजेत.

शेतीचं खरं विमान १९७२ मध्ये आलं, बसंत नावाचं. पिकावर औषध फवारायचं तर शेतावरून जवळजवळ घासत जावं लागतं. झाडं, विजेच्या तारा, विहिरीवरचे खांब. म्हणून त्यात वैमानिकाला खूप उंच बसवलं, खाली आणि पुढे स्वच्छ दिसावं म्हणून. बसंत सुमारे चाळीसच झाली. मला ते फार लाडकं आहे. आपल्या कारखान्याने कापसाच्या आणि उसाच्या शेताचा विचार करून एक विमान आखलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

मधल्या काळात घाटगेंच्या हाताखाली किरण तयार झालं होतं. १९६४ चं, जेट इंजिनाचं शिकाऊ विमान, गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसणारं. सूर्यकिरण पथकाच्या कसरती तुमच्या आईवडिलांनी ज्या विमानांवर पाहिल्या, ती हीच. त्याच्याही आधी, १७ जून १९६१ रोजी, मरुत हे लढाऊ जेट उडालं. आराखडा जर्मनीतून आलेल्या कुर्ट टँक यांचा आणि त्यांच्याबरोबर राबणाऱ्या आपल्या तरुणांचा. विमान देखणं, वेगाला शोभणारं, वैमानिकांचं आवडतं. त्याला हवं तेवढ्या जोराचं इंजिन मात्र कधी मिळालं नाही. १४७ मरुत बनली, १९७१ च्या युद्धात लढली, आणि मग तो धागा तुटला.

त्यानंतर आपण आखलेलं पुढचं लढाऊ विमान, तेजस, उडालं ४ जानेवारी २००१ रोजी. मध्ये साडेएकोणचाळीस वर्षं गेली, पोरांनो. मरुतवर शिकलेली माणसं तेवढ्यात म्हातारी होऊन निवृत्त झाली. मरुतचा धाकटा भाऊ, मग त्याचा धाकटा भाऊ, अशी रांग लागली असती तर तेजस आखणाऱ्या मुलांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नसती. मला याचं मनापासून दुःख आहे. विमान मोडून ठेवता येतं, लिबरेटरसारखं परत उभंही करता येतं. पांगलेली माणसं आणि त्यांच्या हातातलं ज्ञान असं परत आणता येत नाही.

"म्हणजे मधली वर्षं कारखाना रिकामा होता?"

मुळीच नाही. खूप विमानं बनली, पण आराखडे बाहेरचे. आणि इथे आपलं ओझर येतं. १९६० च्या दशकात रशियन मिग-२१ भारतात बनवायचं ठरलं. काम सुरू झालं तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. कामाची वाटणी झाली. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला आणि विमानाचं अंग व जुळणी नाशिकजवळ ओझरला. या कामासाठी काढलेली नवी कंपनी आणि बंगळूरची जुनी कंपनी १ ऑक्टोबर १९६४ रोजी एक झाल्या आणि नाव पडलं हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, एचएएल. द्राक्षांच्या त्या मुलखात लढाऊ विमानं बनू लागली. नाशिककर आजही 'ओझर मिग' म्हणतात, इतकं ते नाव तिथे रुजलं.

मिग-२१ नंतर ओझरला मिग-२७ आलं. त्याचे पंख उडता उडता मागे वळवता यायचे. सावकाश उडताना पसरलेले, वेगात मागे घेतलेले. गच्चीवरची पाकोळीही वेग घेताना पंख मागे घेते, नीट बघा. मग दोन इंजिनांचं थोरलं सुखोई-३० आलं आणि शेकड्यांनी बनलं. हे सगळं परवान्यावरचं काम. त्याने बनवायचं कसब वाढलं, आखायचं वाढलं नाही. दोन्हींतला फरक मला तुम्हाला सांगायचा आहे. दुसऱ्याच्या आराखड्यावर दहा प्रकारची विमानं जोडणाऱ्या कारखान्याची यादी लांब दिसते, पण अकरावं विमान कुठलं, हे तो स्वतः ठरवू शकत नाही.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत मात्र एचएएलने भावंडांची रांग छान लावली. आधी फ्रेंच परवान्यावर चेतक आणि चीता. त्यावर हात बसल्यावर स्वतःचं ध्रुव, पहिलं उड्डाण ऑगस्ट १९९२. हेलिकॉप्टरचं वरचं पातं म्हणजे गोल फिरणारा पंखच. ती पाती, ती फिरवणारी दातेरी चाकांची पेटी आणि शक्ती नावाची दोन इंजिनं, ही ध्रुवची मिळकत. ध्रुववरच शस्त्रं चढवून रुद्र केलं. मग तीच पाती, पेटी आणि इंजिनं ठेवून खालचं अंग अगदी अरुंद केलं, दोन वैमानिक एकामागे एक बसवले, आणि लढाऊ हेलिकॉप्टर झालं. समोरून शत्रूला ते कमी दिसतं. २०१० मध्ये ते उडालं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रचंड या नावाने हवाई दलात आलं. सियाचीन भागातल्या उंच तळावर, जिथे हवा इतकी विरळ की पात्यांना ढकलायला पुरेशी मिळत नाही, तिथेही ते उतरून उठलं आहे. पुष्पकच्या पंखाखाली कृषक बसवलं होतं, तीच ही विद्या.

ही विद्या फक्त मोठ्या कारखान्यांचीच आहे असं नाही. आपल्या भाईंदरहून चौथं स्टेशन कांदिवली. तिथे चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते क्रेनने खाली उतरवून फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं होतं, आणि २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. त्याआधीही त्यांनी विमान बांधायचे प्रयत्न केले होते. या विमानाच्या नावातच ००३ हा आकडा आहे. आणि सहानंतर त्यांनी डोळ्यांपुढे ठेवलं १९ आसनी विमान. मघाचं क्षेत्रफळाचं आणि वजनाचं गणित आठवा, म्हणजे सहावरून एकोणीसवर जाणं केवढं अवघड ते कळेल. एकट्या माणसाने हे मनावर घेतलं याचा मला अभिमान वाटतो.

आणि ओझर? १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं. त्याच दिवशी तिथे एचटीटी-४० या शिकाऊ विमानाच्या उत्पादनाचीही सोय सुरू झाली. त्याचं नाव नीट वाचा. घाटगेंच्या एचटी-२ चा हा वंशज आहे. मध्ये त्याला सरकारी पैसा मिळेना, तेव्हा एचएएलने स्वतःचा पैसा घालून ते तयार केलं, मे २०१६ मध्ये उडवलं, आणि आता हवाई दलाने ७० मागवली आहेत. परवान्यावर मिग जोडणाऱ्या ओझरमध्ये आता आपणच आखलेली दोन विमानं बनतात.

आपल्या यादीत एक जागा अजून रिकामी आहे. आपण आखलेलं, आपल्याकडे बनलेलं आणि रोजच्या प्रवाशांना मुंबईहून दिल्लीला नेणारं मोठं विमान आपल्याकडे नाही. ते करायला तुमच्यातलीच कुणी लागणार आहेत, म्हणून एक काम देतो. जाड कागदाचं एक ग्लायडर करा. नाकाला क्लिप लावा आणि ती पुढेमागे सरकवून ग्लायडर कुठे सरळ जातं ते शोधा. मग पंख तोच ठेवून अंग चार बोटं लांब करा, आधी फक्त मागे, नंतर पुढे आणि मागे. प्रत्येक वेळी क्लिप कुठे न्यावी लागली ते फूटपट्टीने मोजून वहीत लिहा. रविवारी वह्या घेऊन माझ्याकडे या.